राजनंदिनी झोपलीय

१

"डोळे आलेत," संस्थेच्या अधीक्षक बाई फोनवर म्हणाल्या. "आधी एकाचे आले, मग सगळ्याच पोरांचे. राजनंदिनीचेही. बाहेरच्या माणसाला आत सोडू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. जरा कळ काढा. तोवर कोल्हापूर बघा, पन्हाळा बघा. पाहुण्यांना सगळं दाखवा."

पाहुणे म्हणजे माझा नवरा, एरिक. आम्ही नॉर्वेतल्या बर्गन गावात राहतो. तो लाकडी होड्या दुरुस्त करतो आणि मी तिथल्या इस्पितळात लोकांचे कान तपासते. माझं नाव शिवांजली. लहानपण कर्नाटकच्या सीमेलगत गडहिंग्लजला, मल्लव्वा अज्जीच्या घरात गेलं. पुढं वडिलांच्या बदलीनं पुणं, मग शिकायला परदेश, आणि तिथंच राहणं झालं. कोल्हापूर म्हणजे माझ्या लेखी एसटी बदलायची जागा. त्यामुळं एरिकइतकीच मीही इथं पाहुणी होते.

मूल दत्तक घ्यायचं ठरवल्यावर कितीतरी वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. मग एक दिवस एक फोटो आला. चारेक वर्षांची मुलगी, केस बारीक कापलेले, फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखी बघणारी. गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर सापडलेली. राजनंदिनी हे नाव संस्थेनं ठेवलेलं. मुलगी बोलत नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. तिच्या कानांची तपासणी कशी आली ते मी स्वतः विचारून घेतलं. कान उत्तम होते. तिला सगळं ऐकू येत होतं. ती फक्त बोलत नव्हती.

आता तिला बघायचं आणि घेऊन जायचं एवढंच उरलं होतं. ती आमच्या हॉटेलपासून रिक्षानं जाण्याएवढ्या अंतरावर होती, आणि आम्ही गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणार होतो.

त्या संध्याकाळी तांबडा-पांढरा रस्सा खायला गेलो. वाढप्यानं दोन ताटं मांडली आणि मधे एक लहान ताटली आणून ठेवली. मऊ भात, वर तूप, कडेला चिमूटभर मीठ.

"हे आम्ही मागवलं नाही," मी म्हणाले.

"असू द्या की. तिखट झेपायचं न्हाय," असं म्हणून तो पुढच्या टेबलाकडं गेलासुद्धा.

एरिकसाठी असणार. मी ताटली त्याच्याकडं सरकवली. पण त्याला रस्साच हवा होता. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना तो मी शिकवलेलं "लई भारी" मोठ्यानं म्हणाला, आणि आसपासची टेबलं हसली. भात तसाच राहिला. ताटं उचलायला आलेल्या वाढप्याचा चेहरा पडला.

"काईच खाल्लं न्हाय की," तो पुटपुटला.

एरिकनं तर एकही भाकरी शिल्लक ठेवली नव्हती.

२

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवली. ड्रायव्हर कृष्णात मूळचा कबनूरचा, उमेदीची वर्षं यंत्रमागावर काढलेला. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळं तो बोलायचा म्हणजे ओरडायचाच. बारीक आवाज याच्या कानावर पडत नसणार, हे मी त्याच्या पहिल्या चार वाक्यांत ओळखलं. नजर मात्र घारीसारखी. उसाच्या ट्रॉलीमागून येणारी मोटरसायकल त्याला आमच्याआधी दिसायची.

एरिक त्याच्या लांब पायांमुळं पुढं बसला, मी मागं.

"मागचं दार लाक करतो हां ताई. घाट हाय. नको भानगड."

"करा," मी म्हणाले. मला काय, मी कुठं चालत्या गाडीतून उतरणार होते?

वाघबीळ मागं पडलं आणि चढ लागला. कृष्णातनं आरशात बघितलं. "हात आत घ्या म्हणावं."

एरिकनं कोपर खिडकीवर टेकवलं होतं. मी त्याला सांगितलं. त्यानं शहाण्या मुलासारखं ते आत घेतलं. कृष्णात अजून आरशातच बघत होता. गाडी त्यानं अगदी हळू केली होती.

"ताई, हात," तो पुन्हा म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "हां. आता कसं."

मी माझ्या दोन्ही हातांकडं बघितलं. ते मांडीवर होते. शेजारची काच खाली होती आणि वारा येत होता, एवढंच. मी ती वर केली.

पन्हाळ्यावर तटाच्या सावलीत एक म्हातारी मडक्यातलं दही विकत बसली होती. सगळे तिला आक्का म्हणत होते. तिनं आम्हाला हाक मारली, "या पावणं, दही खावा!" आणि एरिकच्या उंचीकडं बघून तोंडाला पदर लावून हसली. आम्ही दगडावर बसून दही खाल्लं. आक्का हातातला चमचा तसाच धरून माझ्या शेजारी, जरा खाली, बघत होती.

"लेक लई गप हाय तुमची," ती म्हणाली.

मी वळून बघितलं. मागं तटाजवळ सहलीला आलेलं एक कुटुंब होतं, त्यांची दोन-तीन मुलं होती.

"आमची नाही हो ती," मी हसून म्हणाले.

आक्का हसली नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की माझ्या हातातलं मडकं मला जड झालं. "असं म्हणू ने बाई," ती हळूच म्हणाली. "लेकरू ऐकतंय."

"काय म्हणाली?" एरिकनं विचारलं.

"दही आवडलं का विचारतेय," मी म्हणाले.

३

अंबरखान्यात आम्ही दोघंच होतो. गडावरचं धान्य साठवायची ही जुनी कोठी म्हणजे दगडी कमानींचं लांबच लांब दालन. वर छताला धान्य ओतायची भोकं, त्यातून खाली उतरलेले उन्हाचे चौकोनी खांब. बाहेरच्या उन्हातून आत आलं की आधी काही दिसत नाही, आणि मग ती उंची हळूहळू अंगावर येते.

एरिकला प्रतिध्वनीचं वेड. त्यानं तोंडाभोवती हात धरून "ओऽ" अशी हाक दिली. आवाज गेला, शेवटच्या भिंतीवर आपटला, परत आला. ओऽ. ओऽ.

आणि मग आणखी एक. ओ.

एरिक हसत होता. मी हसले नाही. अशी जागा आवाजाचं काय काय करू शकते, हे मी पोटापाण्यासाठी शिकले आहे. भिंत आवाज उशिरा परत देते, मंद करून देते, त्याची टोकं खाऊन टाकते. पुरुषाचा आवाज घेऊन ती लहान मुलाचा आवाज परत देत नाही.

"परत ओरड," मी म्हणाले.

तो ओरडला. मी डोळे मिटून ऐकलं. दोनदा त्याचा आवाज आला, खोल, भरदार. तिसरा आला तो खालून, कमरेएवढ्या उंचीवरून, माझ्या डावीकडून. घाबरलेला नव्हता. गंमत वाटणाऱ्या मुलाचा, करून बघतेय असा आवाज होता.

डोळे उघडले. उन्हाच्या त्या चौकोनात धूळ फिरत होती. कुणीतरी मधून गेल्यावर फिरावी तशी.

कबुतर असेल. बाहेरचं मूल भोकातून डोकावून ओरडलं असेल. प्रवासाचा शीण, झोपेची उलथापालथ, आणि आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हाकेच्या अंतरावर असताना मनानं खेळलेले खेळ. मी कारणं मांडत गेले, आणि प्रत्येक कारण बरं होतं. तरीही तिथून निघताना मी दारात क्षणभर थांबले, कुणी मागं राहिलं नाही ना बघायला. तसं कुणी नव्हतं.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीतून संस्थेत फोन केला. मुलांना सांभाळणाऱ्या शालूबाईंनी उचलला.

"कशी आहे राजनंदिनी?"

"आत्ताच उठली बगा. दिसभर झोपली व्हती. डोळ्यानं बेजार केलंय, दुसरं काय. सकाळी तुमचा फोन आलता न्हवं, तवापास्नं झोपलीय ती आत्ता उठली. पाणी मागून घेतलं. खुणेनंच, हां. बोलत न्हाय."

सकाळी फोन करून आम्ही गाडीत बसलो होतो. आणि आत्ताच खोलीवर परतलो होतो. मी तो विचार मनात येऊ दिला आणि लगेच बाहेर काढला.

४

त्यानंतर आम्ही रोज कुठंतरी गेलो. रंकाळ्याला, जोतिबाला, नव्या राजवाड्यात. सकाळी फोन केला की राजनंदिनी जागी असायची. आम्ही परतलो की उठलेली असायची. मधे कधीही केला तरी शालूबाई म्हणायच्या, "झोपलीय."

मी एरिकला काही सांगितलं नाही. लोक जे बोलत ते त्याला कळत नव्हतं, आणि मी ते मधल्यामधे गिळत होते. रंकाळ्यावर घोडेवाल्यानं विचारलं, "बारक्या बाईंना बसवू काय?" राजवाड्यात रखवालदार माझ्या बाजूला बोट दाखवून दटावून गेला, "काचंला हात न्हाय लावायचा." मी दोन्ही वेळा मान हलवली. दोन्ही वेळा मागं बघितलं नाही. बघितलं असतं आणि काही नसतं, तर माझं डोकं फिरलंय असं झालं असतं. आणि काही असतं, तर काय, हे मला ठाऊक नव्हतं.

भीती होती, पण ती नेहमीची भीती नव्हती. उंच कड्याशी उभं राहिल्यावर खाली बघवत नाही आणि तरी पाय मागं घ्यावासा वाटत नाही, तसं काहीतरी. मी चालताना डावा हात मोकळा ठेवायला लागले होते.

अधीक्षक बाई म्हणाल्या, "आता उतरत आलेत डोळे. उद्या-परवा या." म्हणून शेवटची सहल खिद्रापूरची ठरवली.

५

कुरुंदवाड ओलांडून उसाच्या रानांतून रस्ता खिद्रापूरला गेला. कृष्णेकाठचं लहानसं गाव, आणि त्यात ते दगडी देऊळ. कोपेश्वराचं. बाहेरून बघताना हत्तींची रांग अख्खं देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे असं वाटतं. एरिक एकेका हत्तीपाशी थांबत, दगडावर हात ठेवत चालला. होड्या दुरुस्त करणारा माणूस, त्याला ते काम कळत होतं.

पुढचा मंडप गोल आहे. भोवती काळ्या खांबांची वर्तुळं आणि वर मधोमध छतच नाही. छताच्या जागी आकाशाचा एक गोल तुकडा. त्याच्या बरोबर खाली तेवढाच गोल दगड जमिनीत बसवलेला. मी त्या दगडावर उभी राहून वर बघितलं. निळा गोल, त्यातून जाणारा पोपटांचा एक थवा. आपण एखाद्या मोठ्या डोळ्याच्या आत उभे आहोत आणि तो डोळा वर बघतो आहे, असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. देवाधर्माची मी नव्हे, पण त्या दगडावर उभं राहून कुणीही आपोआप लहान होत असेल.

खूप वेळ आम्ही तिथं होतो. मग आत गाभाऱ्याशी जाऊन आलो, मागून नदीचा वारा घेतला, आणि उन्हं कलायला लागली तसे गाडीकडं आलो.

कृष्णातनं माझ्यासाठी मागचं दार उघडलं. मी बसले. तो दार लावेना. देवळाच्या वाटेकडं बघत उभा राहिला.

"चला की," मी म्हणाले.

"आन पोरगी?"

"कोण पोरगी?"

तो हसला. मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "ताई, पोरगी ओ तुमची. तुमच्यासंगं आत गेलती. ऱ्हायली कुठं?"

उन्हात उभी असलेली गाडी, तापलेली सीट, दूर कुठंतरी पाण्याची मोटर चाललेली. ते सगळं मला फार स्पष्ट ऐकू आलं.

"कृष्णात," मी म्हणाले, "आमच्यासोबत मुलगी नाही."

"असं काय करताय? रोज बघतोय की मी आरशात. तुमच्या शेजारी बसती. तुम्ही एक शबुद बोलत न्हाईसा तिच्यासंगं. मुकी हाय म्हणून काय झालं? मनात आलतं इचारावं. परत म्हनलं, पावण्यांच्यात असंच आसंल."

मी फोनवर तो फोटो काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं फोन हातात घेतला.

"हीच की," तो म्हणाला. "पर हितं डोळं बरं हायत. आता कसं, लालभडक झाल्यात बिचारीचं."

मुलांचे डोळे आलेत हे मी याच्यासमोर कधी बोलले होते का? आठवून बघितलं. फोन तर प्रत्येक वेळी खोलीतून, नाहीतर त्याच्यापासून लांब जाऊन केला होता.

"काय झालं?" एरिक विचारत होता. "शिवांजली, काय म्हणतोय तो?"

मी त्याला उत्तर देण्याआधी संस्थेचा नंबर लावला. तो लागता लागता शालूबाईंचा आवाज कानावर आदळला. "बरं झालं ताई फोन केलासा! पोरगी उठंना झालीय. पाणी मारलं, हलवलं. रोज जरा तरी कूस वळायची, आज ती बी न्हाय. अंग गार पडाय लागलंय. डाक्टरांस्नी बलवलंय, वाटंत हायत..."

६

तिथंच, गाडीच्या दारात, मी एरिकला सगळं सांगितलं. भाताची ताटली, आक्का, घोडेवाला, सगळं. तो मला वेड्यात काढील असं वाटलं होतं. तो खाली बघत ऐकत राहिला.

"मी आल्यापासून हळू चालतोय," तो शेवटी म्हणाला. "कुणीतरी मागं पडत होतं. सारखं वाटायचं, पावलं आवरावीत. मला वाटलं तू दमतेयस."

आम्ही तिघं परत देवळात गेलो. कृष्णात पुढं धावला. सगळे खांब हिंडला, हत्तींच्या मागं वाकून बघितलं, नदीच्या बाजूला जाऊन आला. त्याची घारीची नजर उपयोगाची नव्हती. "दिसंना ताई," तो म्हणाला. त्यानं पुन्हा खांबांकडं वळून बघितलं. "कुठंच दिसंना."

तिला दिसणाऱ्यालाच ती दिसत नव्हती, तर मी काय बघणार? मला फक्त ऐकता येत होतं.

मी त्या गोल दगडावर उभी राहिले आणि डोळे मिटले. आधी मोठे आवाज ओळखून बाजूला केले. मोटर. पोपट. गावातली भांडी. मग लहान. एरिकचा श्वास, कृष्णातच्या चपलेखालचा खडा. मग माझ्या स्वतःच्या कानातलं रक्त. रोज मी लोकांना बंद खोलीत बसवून सांगते, अगदी बारीक आवाज आला तरी हात वर करा. आज त्या खोलीत मी बसले होते.

काही नव्हतं.

आणि मग माझ्या तोंडून, कुठून आलं देव जाणे, अज्जीची हाक निघाली. दिवेलागणीला आम्ही पोरं रस्त्यावर खेळत असायचो, तेव्हा मल्लव्वा अज्जी उंबऱ्यात उभी राहून ज्या कानडीत हाक मारायची, ती भाषा मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

"बारवा," मी म्हणाले. "मनिगे होगूनु, बारवा." ये गं बाई. घरी जाऊ या, ये.

देवळातला आवाज थांबला. म्हणजे एकेक करून नव्हे. मोटर, पोपट, गाव, सगळं एकदम. वरच्या त्या गोलातून शांतता खाली ओतली जावी तसं. मी इतक्या वर्षांत, आवाज न शिरणाऱ्या खोल्यांतसुद्धा, एवढी शांतता ऐकलेली नाही.

त्या शांततेत कुणीतरी नाकानं श्वास ओढला. रडून झालेल्या मुलाचा तो तुटक, हुंदक्यासारखा श्वास. अगदी जवळ.

मी डोळे उघडले. समोरचा खांब होता, काळा, घासून आरशासारखा केलेला. त्यात मी उभी दिसत होते, लांबट, अंधुक. आणि माझ्या कमरेशी आणखी एक डोकं होतं. बारीक कापलेले केस. ती माझ्याकडं बघत नव्हती. तोंड उघडं टाकून, मान पूर्ण मागं करून, ती वरच्या आकाशाकडं बघत होती.

मी खाली बघितलं. नुसता दगड. पुन्हा खांबात बघितलं तर तिथं मी एकटी.

पण माझ्या डाव्या हाताचं एक बोट कुणीतरी मुठीत धरलं होतं. गार, ओलसर, घट्ट मूठ.

"आली," कृष्णात दाराशी म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि वाट सोडून मागं सरला. त्या माणसाला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "आली बगा, ताई. तिकडं बघू नगासा. चालत या नुसतं."

७

गाडीत एरिक मागं बसला, पाय दुमडून, पार दाराला चिकटून. आमच्या दोघांमधे जागा सोडून. मी डावा हात त्या जागेत ठेवला होता आणि तो तसूभरही हलवला नाही. कृष्णात एकदाही ओरडला नाही. खड्डा आला की गाडी तो अशी उचलून ठेवायचा, की जणू मागं काठोकाठ भरलेली घागर आहे.

मी बोलत राहिले. मोडक्या कानडीत, जे आठवेल ते. ऊस बघ. पूल बघ. म्हशी बघ कशा डुंबतायत. आपण घरी चाललोय. इल्ले अदीनि, मी इथंच आहे.

"शिवांजली," एरिक म्हणाला. "आपण हिला एवढ्या लांब न्यायचं. समुद्रापलीकडं. तिथं ही झोपली, आणि अशीच कुठंतरी राहून गेली, तर?"

"तर शोधायचं," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग आपला मोठा, रापलेला हात उचलून त्या मधल्या रिकाम्या जागेच्या पाठीमागं ठेवला, गचका बसला तर टेकायला असावा म्हणून.

कोल्हापुरात शिरलो, संस्थेच्या गल्लीच्या तोंडाशी आलो, आणि माझं बोट सुटलं. झटका नव्हता. मूठ सैल झाली आणि नव्हती. मी ओरडणार होते, तोच फोन वाजला.

"उठली!" शालूबाई रडत होत्या की हसत, कळत नव्हतं. "ताई, उठली ओ पोरगी! डाक्टर म्हणत्यात काय न्हाय, थकवा हाय. उठून बसलीय, अन दाराकडं बघतीया."

८

डॉक्टरांनी आम्हाला आत जाऊ दिलं. माझा चेहरा बघून अधीक्षक बाईंनीही हरकत घेतली नाही.

भिंतीशी लोखंडी खाट होती. त्यावर राजनंदिनी बसली होती. फोटोतल्यापेक्षा लहान, डोळे सुजलेले, लाल. तिनं आमच्याकडं बघितलं, आणि मला जी आशा होती तसलं काहीही झालं नाही. ओळख नव्हती. आम्ही तिच्यासाठी दोन परकी माणसं होतो, आणि त्यातला एक प्रचंड, दाढीवाला. एरिकला बघून तिनं तोंड वाकडं केलं आणि शालूबाईंच्या पदरात डोकं खुपसलं.

एरिक लगेच जमिनीवर बसला. मग चक्क आडवा झाला, तिच्यापेक्षा खुजा दिसावा म्हणून. तसाच पडून राहिला, छताकडं बघत. कितीतरी वेळानं पदरातून एक लाल डोळा बाहेर आला.

मला वाट बघण्याचा सराव होता. दिवे लागले, पोरांची जेवणं झाली, कुणीतरी भांडी आवरायला घेतली. ती खाटेवरून उतरली, एरिकला वळसा घालून आली, माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या चेहऱ्याकडं तिनं टक लावून बघितलं, रागावल्यासारखं, अगदी त्या फोटोतल्यासारखं. मग दोन्ही हात वर केले. उचल.

मी उचललं. वजन होतं. केवढं वजन होतं! ऊन-ऊन अंग, साबणाचा वास, मानेवर टेकलेलं गरम कपाळ. इतकी वर्षं ज्याची कल्पना केली होती त्यात हे वजन मी कधी धरलंच नव्हतं. मी भिंतीला पाठ टेकून बसले. तिनं माझ्या खांद्यात तोंड लपवलं. थोड्या वेळानं तिचा श्वास लांब झाला, अंग सैल पडलं.

"बघा," शालूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पयल्या दिशी कुणाच्या अंगावर न्हाय झोपत ती. इस्वास बसला तुमच्यावर. आना हिकडं, खाटंवर ठेवतो."

"नको," मी म्हणाले. "असू दे."

त्या गेल्या. खोलीत आम्ही तिघं उरलो. माझ्या छातीवर तिचा श्वास वरखाली होत होता आणि मी तो ऐकत होते. आत. बाहेर. आत. बाहेरच्या श्वासानंतर मधे जी फट पडायची, ती प्रत्येक वेळी मला फार लांब वाटायची. ती खोल झोपली होती. पापण्यांखाली तिचे डोळे हलत होते, काहीतरी बघत असल्यासारखे, फार मोठं आणि फार सुंदर.

एरिक उठला. व्हरांड्यातला गार वारा येत होता म्हणून त्यानं दार लावून घेतलं. कडी घालायला हात नेला, आणि तसाच थांबला. त्यानं वळून तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मग त्यानं दार पुन्हा किलकिलं केलं. लहान मूल आत येईल एवढंच.